अथेन्सहून घरी

२९ ऑक्टोबर

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार,

मी मजेत आहे. आई, खोकला कधीच गेला. फोनवर आवाज घोगरा येतो तो नेटवर्कमुळे. आणि जेवण मी टाळत नाही.

तीन दिवसांपूर्वी इथे सगळ्या दिमित्रिसांचा दिवस झाला. यांच्यात वाढदिवसापेक्षा नावाचा दिवस मोठा. ज्या संताचं नाव, त्या संताचा दिवस तो आपला, दिमित्रिसचा २६ ऑक्टोबर. ऑफिसात तिघे आहेत. मिठाई त्यांनीच आणायची, बाकीच्यांनी ‘ख्रोनिया पोला’, म्हणजे पुष्कळ वर्षं जग, म्हणायचं. ज्या जुन्या नावाचा संतच नाही, त्याने ईस्टरनंतरच्या आठव्या रविवारी, सर्व संतांच्या दिवशी साजरा करायचा. मला माझा दिवस विचारला, मी गणेश चतुर्थी सांगितली. त्या दिवशी रव्याचे लाडू करून नेले. सगळ्यांना आवडले. आरतीच्या वेळी मात्र मी ऑफिसातच होतो.

बाबा, असंच एक जुनं नाव तुमच्यासाठी. पोफळीच्या खोडावर तुम्ही उडता सरडा दाखवायचात ना, सालीच्या रंगाचा, गळ्याखालची पिवळी पट्टी बाहेर काढणारा? त्याच्या प्रजातीचं शास्त्रीय नाव ड्रॅको. अथेन्सला पहिला लेखी कायदा देणाराही ड्रॅकोच, इ. स. पू. ६२१ च्या सुमाराचा. सरड्याचं नाव त्याच्यावरून नाही; मूळ ग्रीक शब्द मोठ्या सापाचा. पण शिलालेखांच्या संग्रहालयात त्याच्या कायद्याच्या शिळेपुढे उभा राहिलो आणि डोळ्यांपुढे आपली बागच आली.

त्याच्या शिक्षा फार कडक म्हणतात. शिळेवर मात्र असं आहे: हातून नकळत खून झाला तरी गाव सोडायचं, मेलेल्याचे वडील, भाऊ, मुलगे सगळे राजी झाले तर समेट. एकजण जरी अडला तरी नाही. ते वाचून मी तिथेच बाकावर बसलो.

सुमीच्या लग्नासाठी दीड लाख पाठवलेत, मंडपाचे आणि आचाऱ्याचे त्यातून द्या. कमी पडले तर सांगा, संकोच नको. रजेचं तीनदा विचारलं, मार्गशीर्षात जमत नाहीच. सुमीने समजून घेतलं, तुम्हीही रागावला नाहीत. दादा अजून बोलत नाही. त्याला म्हणावं, एकदा फोन कर. मी रात्री जागा असतो.

तुमचा,
गणेश