कॉलेज बोर्डाची निवडणूक आणि करकपातीची वचनं

प्रति,
संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीत अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांच्या (म्हणजे स्थानिक घरपट्टीतूनही पैसा मिळणाऱ्या सार्वजनिक दोन वर्षांच्या कॉलेजांच्या) बोर्ड निवडणुकांवरचा लेख वाचला आणि फार राग आला. साध्या कॉलेजच्या बोर्डासाठी उभा राहिलेला उमेदवारसुद्धा तिथे करदात्याला कर कमी करण्याचं लेखी वचन देतो, आपल्याकडच्या पुढाऱ्यांनी हे शिकावं, असा लेखाचा एकूण सूर आहे. मी शिकागोच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात राहतो. घरपट्टी दरवर्षी जून आणि सप्टेंबरमध्ये भरतो. हे वचन मी समोर उभं राहून ऐकलेलं आहे, आणि त्याचं पुढे काय झालं तेही पाहिलेलं आहे.

2023 सालची गोष्ट. 4 एप्रिलला निवडणूक होती आणि त्याच्या थोडं आधी आमच्या मंडळाचा पाडव्याचा कार्यक्रम एका शाळेच्या हॉलमध्ये झाला. कार्यक्रमाला आमच्या कॉलेज जिल्ह्याचा (ज्या भागाची घरपट्टी त्या कॉलेजला जाते त्याचा) एक उमेदवार आला. मंचावर त्याला दोन मिनिटं बोलू दिलं. ‘तुमचा कर मी खाली आणीन’ एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणाला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. जेवणाच्या रांगेत मी त्याला गाठलं. म्हटलं, खाली आणणार म्हणजे नेमकं काय, कराचा दर की लेव्ही? तो म्हणाला, एकच आहे ते.

एकच नाही. सगळं पाणी इथेच मुरतं. बोर्ड दर ठरवत नाही. लोकांकडून एकूण किती डॉलर गोळा करायचे ती रक्कम बोर्ड ठरवतं. तिला लेव्ही म्हणतात. डिसेंबरात तो ठराव काउंटीच्या, म्हणजे इथल्या स्थानिक सरकारच्या, क्लार्ककडे जातो. क्लार्क त्या रकमेला जिल्ह्यातल्या सगळ्या घरादारांच्या करपात्र मूल्याने भागतो आणि जे उत्तर येईल तो दर. घरांच्या किमती भराभर वाढत असतील तर बोर्डाने जास्त पैसे मागूनही दर घसरतो. आमच्या इलिनॉय राज्यात 1991 पासून शिकागोभोवतीच्या काउंट्यांत लेव्हीच्या वाढीवर कायद्याची मर्यादा आहे: महागाईचा दर किंवा 5 टक्के, जे कमी असेल ते. 2022 मध्ये महागाई 6.5 टक्के होती, म्हणून 2023 च्या लेव्हीला पूर्ण 5 टक्के वाढवायची मुभा मिळाली. आमच्या बोर्डाने ती पूर्णच्या पूर्ण घेतली. पाडव्याला श्रीखंड खाऊन गेलेल्या आणि निवडून आलेल्या त्या गृहस्थांनी ठरावाच्या बाजूने हात वर केला. पुढच्या वसंतात त्यांचं पत्रक घरी आलं, त्यात ठळक अक्षरांत ‘कराचा दर कमी केला’. त्याच सुमाराला काउंटीचं बिल आलं. दर खरंच उतरला होता, आणि कॉलेजच्या ओळीतली रक्कम मागच्या वर्षीपेक्षा जास्त होती. मी त्यांना ईमेल केली, दोन्ही वर्षांची बिलं जोडली. आभाराचं उत्तर आलं, सोबत त्याच पत्रकाची लिंक.

मला 5 टक्क्यांचं दुःख नाही, हे कृपया नीट छापा. वीज महागली, पगार वाढले, कॉलेजलाही खर्च आहेच. त्याने हॉलमध्ये उभं राहून ‘लेव्ही वाढवावी लागेल’ असं सांगितलं असतं तर मी त्याला मत दिलं असतं.

त्याच वर्षी माझ्या पत्नीचा संध्याकाळचा अकाउंटिंगचा वर्ग रद्द झाला. ती सांगलीची बी. कॉम. इथे नव्याने क्रेडिट घेतल्याशिवाय त्या पदवीला कोणी विचारत नाही, आणि दिवसा मुलं लहान, त्यामुळे संध्याकाळचाच वर्ग शक्य होता. पुरेसे विद्यार्थी नाहीत असं कळवलं गेलं. दर क्रेडिटची फी मात्र वाढली. नर्सच्या हाताखालची मदतनीस, वेल्डर, पंचविशीनंतर पुन्हा शिकायला बसलेले कामगार, नुकतेच आलेले आणि इंग्रजी शिकणारे लोक, अशांचं हे कॉलेज असतं. 1901 मध्ये जोलिएटला देशातलं पहिलं सार्वजनिक ज्युनियर कॉलेज निघालं ते आमच्यापासून लांब नाही. राज्य, स्थानिक कर आणि फी यांनी प्रत्येकी साधारण तिसरा हिस्सा उचलावा अशी इथली जुनी कल्पना आहे. राज्य आपला हिस्सा कधी पुरा देत नाही. 2015 च्या जुलैपासून दोन वर्षं तर इलिनॉयला पूर्ण बजेटच नव्हतं आणि कॉलेजांचा पैसा अडकून पडला. अशा वेळी स्थानिक कर कापला तर उरतं काय? फी. म्हणजे माझ्या पत्नीसारख्यांचा खिसा.

आणि वाचणार तरी किती? आमच्या भागात घरपट्टीच्या शंभर डॉलरमधले साधारण तीन ते सहा डॉलर कॉलेजला जातात. निम्म्याहून जास्त शाळा नेतात. दहा हजारांचं बिल आणि त्यात कॉलेजचे पाचशे धरले, तर दहा टक्के कपात म्हणजे वर्षाला पन्नास डॉलर. ज्याला खरंच घरपट्टी कमी करायची आहे त्याने शाळेच्या बोर्डाला उभं राहावं. पण तिथे उत्तरं द्यावी लागतात, पालक बैठकीला येऊन बसतात. कॉलेजच्या बोर्डाच्या बैठकीला कोण येतं? मतदानही विषम वर्षाच्या एप्रिलमध्ये, जेमतेम. मत न देणाऱ्यांत आपली माणसं भरपूर आहेत, काही आळसाने आणि पुष्कळशी नाइलाजाने: एच-वन व्हिसावर वर्षानुवर्षं ग्रीन कार्डची वाट पाहत घरपट्टी भरतात आणि मतपत्रिका त्यांना मिळत नाही. त्या हॉलमध्ये टाळ्या वाजवणाऱ्यांतल्या कितीतरी जणांना मतच नव्हतं.

करदात्यांनी कधीच चिडू नये असं मी म्हणत नाही. शेजारच्या कॉलेज ऑफ ड्युपेजमध्ये 2015 च्या जानेवारीत बोर्डाने कॉलेजचे अध्यक्ष रॉबर्ट ब्रूडर यांना 7 लाख 63 हजार डॉलर देऊन निरोप द्यायचं ठरवलं, कॅम्पसवरचं महागडं रेस्टॉरंट तोट्यात चालत होतं, आणि एप्रिलमध्ये लोकांनी तिघा नव्या माणसांना एकदम निवडून दिलं. तो राग रास्त होता. पण त्याच वर्षाच्या डिसेंबरात नवीन बोर्डाच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला, आणि मान्यता देणाऱ्या संस्थेने कॉलेजला प्रोबेशनवर टाकलं, म्हणजे मान्यता जाऊ शकते अशी ताकीद दिली, जी 2017 पर्यंत राहिली. बोर्डातल्या भांडणांची किंमत विद्यार्थ्यांच्या पदवीने मोजायची वेळ आली होती. लेखकाने या प्रकरणाचा उल्लेखही केलेला नाही.

आणि आपल्याकडच्यांनी शिकावं असं ते म्हणतात. काय शिकायचं राहिलंय? 2017 च्या मुंबई महापालिका निवडणुकीत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ, असं वचन शिवसेनेने दिलं. 2019 मध्ये माफ झाला तो फक्त सर्वसाधारण कर, बाकीचे कर बिलात तसेच राहिले. पूर्ण माफीची घोषणा व्हायला 2022 चा जानेवारी उजाडला. परळच्या माझ्या मोठ्या भावाने त्या मधल्या वर्षांत ‘माफ’ झालेल्या घराची बिलं हातात घेऊन मला फोन केले आहेत. लोकांना बिल वाचता येत नाही यावर जगणारी ही वचनं दोन्हीकडे सारखीच आहेत.

पुढची निवडणूक 2027 च्या एप्रिलमध्ये आहे. तोवर या विषयावर पुन्हा लिहिणार असाल तर लेखकाला सांगा की उमेदवाराला एकच विचारा: गेल्या वर्षीची लेव्ही किती डॉलरची होती आणि तुम्ही किती डॉलरची कराल? आकडा सांगता आला नाही, तर त्याचं कौतुक छापू नका.

जाता जाता, लेखासोबतचा फोटो. वेली चढलेले दगडी मनोरे आणि कमानी असलेलं ते कुठल्या तरी जुन्या खासगी विद्यापीठाचं चित्र आहे. कम्युनिटी कॉलेज म्हणजे बहुधा बैठ्या इमारती आणि त्यांच्याभोवती भलंमोठं पार्किंग. संध्याकाळी सहाला कामावरून सुटलेली माणसं तिथे गाडी लावून, डबा हातात घेऊन धावत वर्गात जातात. त्यांचा फोटो छापायला हवा होता.

आपला,
एक जुना वाचक
(मूळ गाव मिरज, सध्या शिकागोजवळ)