रझाकारीतलं घर कुठल्या पुस्तकात सापडेल?

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

'आजची मुलं इतिहास वाचत नाहीत' असा सूर आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. मी कळंब तालुक्यातल्या एका गावात सार्वजनिक वाचनालय सांभाळते, म्हणून राहवलं नाही. मुलं वाचतात हो. आपणच त्यांच्या हातात द्यायला काही लिहून ठेवलेलं नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत सहावीतल्या एका मुलानं दुसऱ्या महायुद्धावरची एक अनुवादित कादंबरी नेली आणि दोन दिवसांत परत आणली. सप्टेंबर १९३९ मध्ये लंडनसारख्या शहरांतून अवघ्या काही दिवसांत सुमारे १५ लाख लोक गावाकडं हलवले गेले. त्यांत निम्म्याहून जास्त शाळकरी मुलं होती. कोटाला नावाची चिठ्ठी, खांद्याला गॅस मास्कचा डबा, आणि परक्या घरात परक्या बाईच्या हातचं जेवण. पोरगं त्यातच अडकलं होतं. विचारतं कसं, "मॅडम, आपल्याकडं झालं होतं का असं? घरदार सोडून जायचं?"

म्हटलं, झालं होतं की. रझाकारीत. म्हणजे १९४७-४८ साली, निजामाच्या हैदराबाद संस्थानात रझाकारांच्या सशस्त्र टोळ्यांनी धुमाकूळ घातला तेव्हा.

"मग ते पुस्तक द्या."

मी कपाटापुढं उभी राहिले. हैदराबाद मुक्तिसंग्रामावरची पुस्तकं आहेत आमच्याकडं, अडीच फळ्या भरतील इतकी. त्या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थांची चरित्रं आहेत, गौरवग्रंथ आहेत, स्मरणिका आहेत, हुतात्म्यांच्या याद्या आहेत. सगळी आदरणीय आणि सगळी मोठ्यांसाठी. मुलांसाठी म्हणून जी चार-दोन पातळ पुस्तकं आहेत, त्यांत पहिल्या पानावर संस्थानाचं क्षेत्रफळ आणि शेवटच्या पानावर १७ सप्टेंबर १९४८, निजामाच्या शरणागतीचा दिवस. मधे एकही मूल नाही. कुणाला भूक लागत नाही, कुणाचं दप्तर हरवत नाही. आमच्या शाळेतल्या १७ सप्टेंबरच्या भाषणांसारखंच ते. 'ज्ञात-अज्ञात' म्हणताना दरवर्षी एक तरी पोरगं अडखळतं आणि सगळे हसतात.

माझं आजोळ परंड्याकडचं. १९४८ साली माझी आई नऊ वर्षांची होती. रझाकार शेजारच्या गावापर्यंत आले म्हटल्यावर घरच्यांनी रातोरात गाडी जुंपली आणि बार्शीची वाट धरली. बार्शी इंग्रजी मुलखातली, आता स्वतंत्र हिंदुस्थानातली, म्हणजे निजामाच्या हद्दीबाहेर. आजोबांनी बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा काढून कडब्यात खुपसल्या, चाकाच्या आखाला दुप्पट वंगण घातलं. दीड वर्षाचा मामा रडू नये म्हणून त्याच्या तोंडात गुळाचा खडा दिलेला आणि तो विरघळला की दुसरा द्यायचं काम आईकडं. "गुळाची ढेप माझ्या मांडीवर होती, अन् मला एक खडा खायची बंदी," हे ती सत्तरीतसुद्धा तक्रारीच्या सुरात सांगायची. रझाकारांची भीती तिनं कधी एवढी रंगवून सांगितली नाही, गुळाची सांगितली.

बार्शीत पोचल्यावर आणखी एक फजिती. आजीच्या कनवटीला बांधलेले पैसे निजामाच्या हाली सिक्क्याचे. सात हाली म्हणजे सहा कलदार, म्हणजे इकडचे रुपये, असा भाव. दुकानदारानं मोडून दिलं तेव्हा पैसे कमी झालेले बघून आई रडली. तिला वाटलं, आजीला फसवलं. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेल्यावर हातातला रुपया लहान होतो, हे नऊ वर्षांच्या मुलीला कळलं ते असं. मुलांच्या कादंबरीला आणखी काय लागतं? घरात मराठी आणि वरच्या शाळेत उर्दू, हा त्या काळचा रोजचा पेच. करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर गाठोडी सोडून दाखवायची. निजाम आणि भारत सरकारमधला नोव्हेंबर १९४७ चा 'जैसे थे' करार काय होता हे मुलांना समजावण्याच्या भानगडीत लेखकानं पडूच नये. वडील रात्री परसात कुणाशी कुजबुजतात आणि सकाळी घरात का नसतात, एवढं लिहिलं तरी पोरांना सगळं कळतं.

आता जरा अवघड बोलते. गाव सोडताना आजीनं शेळी शेजारच्या मुसलमान बुबूच्या हवाली केली होती. १३ सप्टेंबरला सोलापूरच्या बाजूनं भारतीय फौज नळदुर्गात शिरली, पाच दिवसांत सगळं आटोपलं, आणि दिवाळीच्या आधी आमची माणसं गावी परतली. शेळी आमच्याच दावणीला बांधलेली होती, पुढ्यात ओला चारा. बुबूचं घर मात्र सताड उघडं आणि आत कुणी नाही. आई इथपर्यंत सांगायची आणि उठून कामाला लागायची. फौजेच्या या 'पोलीस ॲक्शन'नंतर संस्थानात हजारो मुसलमान मारले गेले. केंद्र सरकारनंच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं ते नोंदवलं, आणि सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांत आपले उस्मानाबाद (आताचा धाराशिव) आणि नांदेड होते. तो अहवाल कित्येक दशकं बाहेर आला नाही. रझाकारांनी गावं जाळली, माणसं मारली, हे मुलांच्या पुस्तकात स्पष्ट यायलाच हवं. पण बुबूची शेळी गाळून ते पुस्तक लिहिलं तर ते खोटं पुस्तक होईल. मुलं लबाडी ताबडतोब ओळखतात.

एका प्रकाशकांकडं हा विषय काढला होता. म्हणाले, "विषय नाजूक आहे, शाळा घेणार नाहीत. त्यापेक्षा शूरवीरांच्या गोष्टी द्या." परदेशातल्या बॉम्बहल्ल्याचं पुस्तक शाळा घेतात, परंड्याच्या बैलगाडीचं घेणार नाहीत, हे गणित मला उमजलेलं नाही.

तेव्हा दहा वर्षांची असलेली माणसं आज ८५ च्या पुढं आहेत. आपल्या दैनिकाचे वार्ताहर तालुक्या-तालुक्यात आहेत. दर १७ सप्टेंबरला ध्वजारोहणाचे फोटो छापता, त्यातली थोडी जागा या म्हाताऱ्या माणसांच्या लहानपणाला द्या. त्यांनी काय खाल्लं, कुठं लपले, बरोबर काय नेलं आणि काय राहिलं. लिहिणारे लेखक मग मिळतील. कच्चा माल तर आधी गोळा होऊ दे.

तो सहावीतला मुलगा गेल्या आठवड्यात वहीची दोन पानं घेऊन आला. पणजीला विचारून लिहिलंय म्हणाला. सुरुवात अशी आहे: 'आमच्या वाड्यात पेव भरून ज्वारी होती, पण आम्ही उपाशी होतो. कारण पेव उघडलं की त्याचा वास गल्लीभर सुटतो आणि वास कुणाला लपवता येत नाही.' पुढं काय झालं ते पणजीला आठवत नाही. ते मी माझ्या मनानं लिहू का, असं त्यानं विचारलं.

मी हो म्हटलंय.

आपली,
एक ग्रंथपाल,
ता. कळंब, जि. धाराशिव