शब्दकोशाच्या नोंदी सपाट करू नयेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्यानंतर जुने कोश संगणकावर यावेत, ही अपेक्षा स्वाभाविकच आहे. पण नुसता टंकलेला मजकूर म्हणजे कोश नव्हे. शब्द, लिंग, अर्थ, व्युत्पत्ती ही अंगे वेगवेगळी शोधता आली पाहिजेत. त्यासाठी मजकूर एक्सएमएलमध्ये, म्हणजे प्रत्येक भागाभोवती तो काय आहे हे सांगणारे टॅग (खुणा) घालण्याच्या पद्धतीत, ठेवतात आणि खरी अडचण तिथेच सुरू होते.

‘पाट पु. १ बसण्याची लाकडी फळी. २ शेताला पाणी नेणारा चर. [सं. पट्ट]’ अशी नोंद घ्या. टंकून येते तेव्हा ‘पाट’ ठळक अक्षरांच्या टॅगमध्ये असतो, एखादे उदाहरण तिरप्या अक्षरांच्या टॅगमध्ये असते आणि बाकीचा मजकूर त्या टॅगांच्या अधेमधे मोकळा पडलेला असतो. अशा एका कामाचे नमुने मी तपासले, तेव्हा पूर्णविरामापाशी तुकडे पाडल्यामुळे ‘पु.’ आणि ‘सं.’ हे संक्षेपसुद्धा स्वतंत्र अर्थ होऊन बसले होते. त्याहून वाईट म्हणजे आधी सगळी नोंद सलग मजकूर करून घेतल्याने उदाहरणे अर्थांत मिसळून गेली होती, आणि कोणते शब्द तिरपे होते याची खूणच न उरल्यामुळे ती आता यंत्राने वेगळी काढता येणार नाहीत.

हे काम दोन फेऱ्यांत व्हावे. पहिल्या फेरीत टॅगांना हात न लावता फक्त मोकळ्या मजकुरातले अर्थक्रमांक शोधून त्यांच्या जागी रिकामे खुणेचे टॅग ठेवावेत. दुसऱ्या फेरीत एका खुणेपासून पुढच्या खुणेपर्यंत जे येईल, मग तो मजकूर असो की टॅग, ते एका अर्थाच्या घटकात गोळा करावे. एक्सएसएलटी या एक्सएमएलचे रूपांतर करण्याच्या संगणकभाषेच्या १९९९ सालच्या पहिल्या आवृत्तीत हे फार जिकिरीचे होते, परंतु २००७ सालच्या दुसऱ्या आवृत्तीपासून दोन्हींची सोय भाषेतच आहे. इंग्रजी अंकांसाठी लिहिलेल्या शोधसूत्राला देवनागरी अंक सापडत नाहीत, आणि चूक झाल्याचे कळतही नाही, हे मुद्दाम सांगावेसे वाटते. शिवाय अर्थाच्या वाक्यातही अंक येतात. म्हणून १ नंतर २, २ नंतर ३ असा क्रम जुळला तरच तो अर्थक्रमांक मानावा, एरवी ती नोंद जाणकाराने डोळ्यांखालून घालावी.

सार्वजनिक पैशातून अशी कामे देताना निविदेत एक अट असावी: रूपांतरित नोंदीचे सर्व घटक क्रमांकांसह पुन्हा जोडले असता ते मूळ नोंदीशी अक्षरशः जुळले पाहिजेत.

आपला नम्र,
एक वाचक, पुणे