खडे चौकटीत नव्हे, रेघांवर!

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला 'गो' या, पटावर खडे ठेवून जागा वेढायच्या खेळावरचा लेख वाचून बरं वाटलं. मराठीत याविषयी फारसं छापून येत नाही. मात्र सोबतच्या आकृतीत खडे चौकटींच्या आत काढले आहेत. ते ठेवायचे असतात रेघा छेदतात तिथं. एकोणीस उभ्या, एकोणीस आडव्या रेघा आणि त्यांचे ३६१ बिंदू, हा झाला पट.

असो, ती चित्रकाराची चूक. 'समोरच्याचे खडे मारत जाणं हेच जिंकण्याचं सूत्र' हे वाक्य मात्र खटकलं. याच समजुतीपायी मी सहा वर्षं हरत आलोय.

नोकरीत जन्मभर लोकांचे हिशेब तपासले, पण पटावर बसलं की मोजायचंच विसरतो. गेल्या आठवड्यात धाकट्या भावाशी खेळताना मध्यावर त्याच्या दोन खड्यांत फट दिसली. टाकला खडा. तोडता येतंय म्हणून तोडलं, दुसरं कारण नाही. डाव्या कडेला माझाच एक गट एका डोळ्यावर दिवस काढत होता (डोळा म्हणजे आपल्याच खड्यांनी वेढलेली मोकळी जागा; दोन डोळे नाहीत तो गट मेल्यातच जमा), तिकडे लक्षच गेलं नाही. खाजवून खरूज काढणं म्हणतात ते हेच! मध्यावर घुसलेले माझे तीन खडे अडकले, त्यांना ओढत ओढत मी त्या कडेच्या गटाला नेऊन जोडलं आणि दोघांनाही एकाच खड्ड्यात घातलं.

शेवटी त्याच्या गटाला पाच श्वास, माझ्या गटाला चार, पाळी माझी. श्वास म्हणजे गटाला लागून असलेले मोकळे बिंदू; समोरच्यानं ते सगळे बुजवले की गट मेला. चिनी भाषेतही त्यांना 'ची', म्हणजे श्वासच म्हणतात. त्याचे पाच बुजवायला मला पाच खेळ्या हव्यात, त्याला चार पुरतात. मी आधी सुरुवात केली तरी माझ्या पाचवीच्या आत त्याची चौथी पडणार. बरोबरी असती तर ज्याची पाळी तो तरला असता. तीन खडे वाचवायला गेलो आणि चौदा घालवून बसलो.

खडे उचलता उचलता भाऊ म्हणाला, "दादा, ते तीन सोडून वरचा कोपरा घेतला असतास, तर पंचाईत माझी होती."

लेखात २०१६ च्या सोलमधल्या सामन्याचा उल्लेख आहे. अल्फागो या संगणक प्रोग्रामनं कोरियाचा नामांकित खेळाडू ली सेडोल याला ४-१ हरवलं, खरंच. पण दुसऱ्या डावातली अल्फागोची ती गाजलेली ३७ वी खेळी पाहा: उजवीकडे पाचव्या ओळीवर, लीच्या खड्याच्या खांद्याशी तिरका ठेवलेला एक खडा. त्यानं त्या क्षणी काहीही मारलं नाही.

एक विनंती. बुद्धिबळाच्या कोड्याशेजारी दर आठवड्याला नऊ बाय नऊच्या पटावरचं एक कोडं छापावं. प्रश्न 'कसं मारू?' असा नको, 'इथं लढू की दुसरीकडे जाऊ?' असा असावा. आणि खडे तेवढे रेघांवर काढायला सांगा.

आपला,
एक निवृत्त हिशेब तपासनीस