राणी बार्बराची शोकमिस्सा पुन्हा गाता आली, त्याबद्दल ताईंना जाहीर पत्र

प्रिय ताई,

नाव छापायचं नाही ही तुमची अट आम्ही पाळतो आहोत. आभार मात्र जाहीरच मानायचे होते, कारण तुम्ही जे शिकवलंत ते अशी विसरलेली शोकसंगीतं गाऊ पाहणाऱ्या कुणालाही उपयोगी पडेल.

ज्यांना ही रचना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. स्पेनची राणी बार्बरा दे ब्रागांझा २७ ऑगस्ट १७५८ रोजी वारली. तिच्या अंत्यविधीसाठी माद्रिदच्या राजचॅपेलचे उपसंगीतप्रमुख होसे दे नेब्रा यांनी मृतांसाठीची प्रार्थना आणि मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासनेचं संगीत, रचलं. १७३४ च्या नाताळच्या आदल्या रात्री जुना राजवाडा जळाला, त्यात चॅपेलचं संगीतही गेलं. तो साठा नव्याने भरून काढणाऱ्यांपैकी नेब्रा एक. राणी स्वतः इटालियन संगीतकार डोमेनिको स्कार्लाती यांची शिष्या, म्हणजे जिच्यासाठी हे लिहिलं तिचा कान फार तयार होता. आपल्या वाचकांना एक दुवा जवळचा वाटेल: ती पोर्तुगालचा राजा पाचवा जुआंव याची मुलगी, आणि चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली ती याच राजाच्या कारकिर्दीत.

पहिले आभार पार्ट्ससाठी. स्पॅनिश चॅपेलांत गायकाच्या हातात पूर्ण स्कोअर, म्हणजे सगळे आवाज एकाखाली एक लिहिलेली प्रत, नसायचा, फक्त त्याच्या आवाजाचं सुटं पान असायचं. बाकीचे काय गातात ते त्याला कानानेच कळायचं. अशा पानांवरून स्कोअर बांधताना स्वर क्वचित चुकतात, घात होतो तो विरामांत. नकलकाराने लांब विरामातला एक बार, म्हणजे तालाचा एक खण, कमी लिहिला की तिथून पुढे तो आवाज इतर सात आवाजांवरून घसरतो, आणि चूक सापडते ती पाच पानं पुढे, सगळेच बेसूर लागतात तेव्हा. म्हणून आधी फक्त विराम मोजायचे, प्रत्येक भागाच्या शेवटी सगळ्या आवाजांची बेरीज जुळवायची आणि मगच स्वर लिहायला घ्यायचे, हा तुमचा क्रम. तालमीचा केवढा तरी वेळ त्याने वाचला. जुन्या चाव्या, म्हणजे ओळीवर कुठला स्वर कुठे ते सांगणाऱ्या खुणा, बदलून आजच्या केल्यात, पण मूळ चावी प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला बारीक अक्षरात ठेवलीत. शंका आली की मूळ हस्तलिखिताशी लगेच ताडून पाहता येतं.

आठ आवाज, दोन वृंद. पहिल्या वृंदात एका आवाजाला एकच गायक आणि दुसऱ्यात तीन-तीन, म्हणजे ४ आणि १२, हा तुमचा सल्ला. त्या काळी पहिला वृंद एकलगायकांचा असे आणि दुसरा भरण्याचा, त्यामुळे दोन्ही सारखे केले की रचनेतला उजेड-सावलीचा फरकच नाहीसा होतो. आम्हाला वृंद चर्चच्या दोन टोकांना हवे होते. तुम्ही नको म्हणालात आणि हिशेब मांडलात: आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे १७ मीटर अंतराला एक विसांश सेकंद लागतो. समोरचा वृंद ऐकून त्याच्याबरोबर गायला गेलं की आपण तेवढे मागे पडतो, तो आपल्याला ऐकून आणखी मागे जातो आणि लय मंदावत जाते. अंतर ८ मीटरवर आणलं, प्रत्येक वृंदाशेजारी स्वतःचं खर्जाचं वाद्य दिलं, आणि समोरच्याला ऐकायचं सोडून कंडक्टरच्या हाताकडे बघून गायचं हे पक्कं केलं. दुसऱ्या वृंदापाशी बाहोन, म्हणजे फगोट या खर्जातल्या फुंकवाद्याचा जुना भाऊबंद, खालच्या आवाजाला चिकटून वाजत राहिला. स्पेनमध्ये तशीच पद्धत होती.

पण सगळ्यात मोठं ऋण काळ्या कापडाचं. दगडी चर्चमध्ये घुमारा इतका लांबतो की Dies irae या अंतिम न्यायाच्या स्तोत्रातले शब्द एकमेकांवर चढतात, आणि मग प्रत्येक कंडक्टर लय कमी करतो. तुम्ही विचारलंत, १७५८ मध्ये ही भिंत उघडी होती का? शाही शोकविधीत चर्च काळ्या कापडाने मढवायची रीत होती. मध्ये लाकडी शवमंच, त्यावरही कापड. नेब्रांना उघडा दगड ऐकू येणारच नव्हता. तेव्हा कापड हा सजावटीचा खर्च नव्हे, तो वाद्यवृंदाचा भाग, असं तुम्ही धरलंत.

ते लावायचं कसं हेही तुम्हीच दाखवलंत. पातळ कापड चालत नाही, जाड लोकर लागते. रुंदीच्या दुप्पट कापड घेऊन चुण्या सोडायच्या. भिंतीला चिकटवलं तर फक्त वरचे, सीत्काराचे आवाज शोषले जातात. १० सेंटिमीटर पुढे ओढलं तर परिणाम सुमारे ८५० हर्ट्झपाशी सर्वाधिक होतो, ३० सेंटिमीटरवर तो २८५ च्या आसपास, म्हणजे गाण्याच्या ऐन पट्टीत उतरतो. चुण्यांमुळे हे अंतर जागोजागी बदलतं आणि एखादाच स्वर खाल्ला जात नाही. जुन्या भिंतीत खिळा ठोकायची परवानगी नसतेच, म्हणून स्वतंत्र चौकटी, तळाशी वजनं, आणि आगरोधक प्रक्रिया केलेलं कापड. खरी मेणबत्ती एकही नाही. खर्ज मात्र कापडाने आवरत नाही, त्यासाठी व्हिओलोने हे खर्जाचं तंतुवाद्य एकच ठेवलं आणि छोट्या ऑर्गनवर फक्त बंद लाकडी नळ्यांचा आठ फुटी, म्हणजे लिहिलेल्याच सप्तकातला, स्वर. एवढं झाल्यावर लय कागदावरून वाटते तशी चालली, आणि विरामांनंतर शांतता खरोखर शांत झाली.

सुराचं गणितही लिहून ठेवतो. पट्टी ४१५ हर्ट्झची, आजच्यापेक्षा साधारण अर्धा स्वर खाली. हवा एक अंश सेल्सिअसने गार झाली की ऑर्गनच्या नळ्या जवळजवळ ३ सेंट (अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) उतरतात. २० अंशांवर मिळवलेला ऑर्गन १४ अंशांच्या चर्चमध्ये १८ सेंट खाली बोलतो. तिथे व्हायोलिनांनी ऑर्गनकडे यायचं, ऑर्गनला ओढायचं नाही. लोक बसले की हवा तापते आणि ऑर्गन चढतो, म्हणून Offertorium, म्हणजे मिस्सेतल्या अर्पणाच्या भागाच्या आधी तारा पुन्हा मिळवायच्या. लाकडी बासऱ्या गार असताना सलग वाजवल्या तर चिरतात. त्या आधी हातात ऊब देऊन ठेवायच्या.

लॅटिन उच्चारांत तुम्ही इटालियन सवय मोडून स्पॅनिश वळण लावलंत. रेक्विएम नाही, रेकिएम. लूचेआत नाही, लुथेआत. आन्युस नाही, अग्नुस. ‘च’कार गेल्यामुळे घुमाऱ्यातली खरखर कमी झाली, हा वरचा फायदा.

आता तुम्ही मिस्सेच्या आदल्या संध्याकाळच्या, मृतांसाठीच्या प्रार्थनेची पानं जुळवायला घेतली आहेत, असं कळलं. तालमीत सापडलेल्या दुरुस्त्या आम्ही बारच्या क्रमांकासह तुमच्या फाइलींत टाकल्या आहेत. त्या मिस्सेच्याच आहेत, पण त्याच नकलकाराचा हात पुढेही असेल तर सवयी ओळखता येतील. कापड घडी न घालता नळीवर गुंडाळून, कसर लागू नये म्हणून कोरड्या खोलीत ठेवलं आहे. ज्या मंडळीला शोकमिस्सा करायची असेल त्यांना ते आणि चौकटी दोन्ही नेता येतील, तुमच्या अटीवर: भिंतीपासून ३० सेंटिमीटर.

मनापासून आभार, ताई.

दोन्ही वृंदांतले गायक आणि वादक