ग्रंथपाल रजेवर असतानाही ग्रंथालय उघडे राहावे : शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय शिक्षणमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

मी शाळेच्या ग्रंथालयात ग्रंथपाल म्हणून काम करते. गणिताचे शिक्षक रजेवर असले तर त्यांच्या वर्गावर कोण जाणार हे सकाळची घंटा होण्याआधीच ठरलेले असते. बदली शिक्षकाला धडा कुठवर आला आहे ते सांगितले जाते, पाठ्यपुस्तक हाती दिले जाते आणि तासिका पार पडते. ग्रंथपाल रजेवर गेली की मात्र ग्रंथालयाला कुलूप लागते, किंवा दार उघडून मुलांना बाकांवर गप्प बसवले जाते आणि पुस्तके कपाटातच राहतात. हा दुसरा प्रकारही माझ्या लेखी बंद ग्रंथालयाचाच आहे. ग्रंथपालाच्या गैरहजेरीत ग्रंथालय चालवण्याची पूर्वतयारी हे शाळेचे अधिकृत काम मानले जावे आणि त्यासाठी कामाच्या तासांतून वेळ दिला जावा, एवढी एकच मागणी घेऊन मी आपल्याला लिहीत आहे.

एक दिवस ग्रंथालय बंद राहिले तर काय बिघडते, असे मला अनेकांनी विचारले आहे. ज्या शाळेत प्रत्येक वर्गाला आठवड्यातून ग्रंथालयाची एकच तासिका मिळते, तिथला हिशेब पाहावा. सोमवारी नेलेले पुस्तक एखाद्या मुलाने मंगळवारी वाचून संपवले आणि पुढच्या सोमवारची तासिका बुडाली, तर त्याच्या हाती दुसरे पुस्तक पडायला १३ दिवस जातात. नुकतेच सलग वाचायला लागलेल्या मुलासाठी हे १३ दिवस फार मोठे असतात. ज्याच्या घरी शाळेतून आणलेल्या पुस्तकाखेरीज दुसरे पुस्तकच नाही, त्याच्यासाठी तर ती वाचनाची पूर्ण सुट्टी ठरते. मोठी रजा दूरच राहिली, एका दिवसाच्या तापाने एवढे होते.

काही वर्षांपूर्वी मी अचानक आजारी पडले आणि तीन दिवस शाळेत जाऊ शकले नाही. माझ्या जागी एका शिक्षिकेला पाठवण्यात आले. त्या मनापासून काम करणाऱ्या होत्या. त्यांना संगणकाचा परवलीचा शब्द ठाऊक नव्हता, म्हणून त्यांनी पुस्तके देणे बंद ठेवले. मुलांनी परत आणलेली पुस्तके मात्र त्यांनी घेतली, आणि टेबलावर पसारा राहू नये म्हणून स्वतः फळ्यांवर लावून टाकली. मी परतल्यावर नोंदीनुसार ती पुस्तके मुलांकडेच होती, मुले म्हणत होती की आम्ही परत केली, आणि ती फळीवर आपल्या जागी सापडत नव्हती. त्यांचा शोध घेण्यात कित्येक दिवस गेले. एका मुलाला तर पुस्तक हरवल्याबद्दल वर्गात सर्वांसमोर बोलणी खावी लागली, आणि ते पुस्तक नंतर दोन कपाटे पलीकडे मिळाले. त्या मुलाची मी माफी मागितली, पण त्यानंतर कितीतरी दिवस तो पुस्तक घरी न्यायला तयार नव्हता. या सगळ्यात त्या शिक्षिकेची चूक नव्हती. त्यांच्या हाती मी एक ओळसुद्धा लिहून ठेवलेली नव्हती, आणि ती लिहून ठेवावी अशी अपेक्षा शाळेत कुणीही कधी केली नव्हती.

फळीवर पुस्तक लावणे हे बाहेरून फार सोपे दिसते, म्हणून याबद्दल थोडे सविस्तर सांगते. मेल्व्हिल ड्यूई यांनी १८७६ मध्ये प्रसिद्ध केलेली दशांश वर्गीकरण पद्धती जगभरातल्या असंख्य ग्रंथालयांत वापरली जाते. तिच्यात प्रत्येक विषयाला एक क्रमांक, म्हणजे वर्गांक असतो, आणि पुस्तके त्याच्या चढत्या क्रमाने फळीवर लावतात. हत्तींवरच्या पुस्तकांचा वर्गांक ५९९.६७ आहे आणि मांसाहारी सस्तन प्राण्यांचा ५९९.७. दशांश चिन्हानंतरचा आकडा पूर्णांकासारखा वाचणाऱ्या माणसाला सदुसष्ट हे सातापेक्षा मोठे वाटतात, आणि तो हत्तीचे पुस्तक वाघाच्या पुस्तकानंतर नेऊन ठेवतो. खरा क्रम उलटा आहे. चुकीच्या जागी लागलेले पुस्तक ग्रंथालयात असूनही हरवलेलेच असते, कारण ग्रंथालयातल्या पुस्तकांची तालिका ज्या जागेकडे बोट दाखवते तिथे ते नसते. म्हणून आता माझ्या सूचनांची पहिली ओळ अशी आहे : परत आलेले पुस्तक फळीवर लावू नये, दाराजवळच्या ढकलगाडीवर ठेवावे. एवढ्या एका वाक्याने वाचणारे श्रम मी मोजलेले नाहीत, पण ते फार आहेत.

त्या आजारपणानंतर मी एक वही तयार केली. आमच्या शाळेत तिला बदली वही म्हणतात. ती टेबलाच्या वरच्या खणात असते आणि तिची एक प्रत मुख्याध्यापकांच्या कार्यालयात असते, कारण ग्रंथपालाच्या खणाची किल्ली ग्रंथपालाबरोबरच घरी गेली तर वहीचा काहीच उपयोग नाही. वही लिहिताना मी एकच प्रश्न समोर ठेवला : ज्या व्यक्तीने या खोलीत यापूर्वी पाऊलही टाकलेले नाही, तिला तासिका सुरू होण्याआधीच्या पाच मिनिटांत काय कळायला हवे? बदली शिक्षकाला तेवढीच फुरसत मिळते. म्हणून पहिल्या पानावर फक्त त्या दिवसाचे काम आहे. कोणता वर्ग कधी येतो, किती मुले असतात, प्रत्येकाला किती पुस्तके नेता येतात, कोणती कपाटे बंदच ठेवायची, संदर्भ ग्रंथ खोलीबाहेर का द्यायचे नाहीत, आग लागली तर कोणत्या दाराने बाहेर पडायचे. ग्रंथालयाचा इतिहास, नियमावली आणि वर्गीकरणाचे तक्ते मागच्या पानांवर आहेत. ते कुणी वाचले नाही तरी त्या दिवसाचे काम अडत नाही.

देवघेव अडू नये यासाठी दोन वाटा ठेवल्या आहेत. आमच्या संगणक प्रणालीत बदली शिक्षकासाठी वेगळे खाते आहे. त्यातून पुस्तक देता येते आणि परत घेता येते. नोंद पुसता येत नाही, दंड लावता येत नाही आणि मुलांच्या जुन्या नोंदी उघडता येत नाहीत. वीज गेली किंवा संगणक सुरूच झाला नाही तर कागदाचा तक्ता आहे. त्यात तारीख, मुलाचे नाव, इयत्ता आणि पुस्तकाचा दाखल क्रमांक एवढे चारच रकाने आहेत. पुस्तकाचे नाव लिहायला मी सांगत नाही, कारण एकाच पुस्तकाच्या तीन प्रती असू शकतात आणि दाखल क्रमांक प्रत्येक प्रतीचा वेगळा असतो. मी परतल्यावर त्या नोंदी संगणकात चढवते. चाळीस पुस्तकांच्या नोंदींना अर्धा तास पुरतो. याउलट चाळीस मुले रिकाम्या हाताने परत गेली तर ती भरपाई अर्ध्या तासात होत नाही.

तासिकेत मुलांना पुस्तके देण्याबरोबर त्यांना काहीतरी वाचूनही दाखवले जाते, आणि त्याची तयारी करायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. माझे एखादे मोठे पुस्तक वर्गाबरोबर भागाभागाने वाचून चाललेले असते. ते अनोळखी माणसाच्या आवाजात पुढे नेले की मुलांचा हिरमोड होतो, आणि वाचणाऱ्यालाही मागचे धागे ठाऊक नसतात. म्हणून बदली शिक्षकासाठी प्रत्येक इयत्तेला एका बैठकीत संपणाऱ्या दोन गोष्टी वेगळ्या काढून ठेवल्या आहेत. प्रत्येक गोष्टीला लागणारा वेळ मी स्वतः मोठ्याने वाचून, घड्याळ लावून मोजला आहे. कोणत्या पानावर थांबून मुलांना पुढे काय होईल असे विचारावे, त्याची खूण कागदाच्या पट्टीने केली आहे. ज्यांना मोठ्याने वाचायचा संकोच वाटतो अशा शिक्षकांसाठी शांत वाचनाचा पर्याय दिला आहे. तोही चांगलाच आहे, फक्त त्यासाठी प्रत्येक मुलाच्या हाती त्याने निवडलेले पुस्तक हवे.

वहीत काय लिहू नये, याचाही विचार करावा लागतो. काही मुले मधल्या सुट्टीत मैदानावर न जाता ग्रंथालयात येऊन बसतात. त्यामागे कधी आजारपण असते, कधी घरची अडचण, कधी वर्गातला त्रास. उघड्या वहीत ही कारणे लिहिणे मला अयोग्य वाटते. तिथे मी एवढेच लिहिते की मधल्या सुट्टीत आलेल्या मुलाला बसू द्यावे आणि कारण विचारू नये. ज्या मुलाबद्दल अधिक माहिती असणे आवश्यक आहे, त्याची माहिती मुख्याध्यापक बदली शिक्षकाला स्वतः सांगतात. पुस्तक परत न केलेल्या मुलांची यादी वर्गात मोठ्याने वाचू नये, ही सूचना मी लाल शाईने लिहिली आहे. मूल काय वाचते आणि किती दिवस ठेवते, ही त्याची खासगी गोष्ट आहे.

महोदय, या कामासाठी मला कुणीही वेळ दिला नाही. पहिली वही मी सुट्टीच्या दिवसांत घरी बसून लिहिली. मी ते आनंदाने केले, परंतु एका व्यक्तीच्या हौसेवर उभी राहिलेली व्यवस्था त्या व्यक्तीबरोबरच निघून जाते. शिवाय ग्रंथपालाचा दिवस भलत्याच कामात जातो. कोणत्याही विषयाचे शिक्षक गैरहजर असले की त्यांचा वर्ग ग्रंथालयात पाठवण्याची रीत आहे. म्हणजे ग्रंथपाल ही सगळ्या शाळेची बदली शिक्षक असते, आणि तिच्या जागी उभे राहायला मात्र कुणी नसते. अशा दिवशी ठरलेल्या वर्गाची तासिका बुडते, आणि पुढच्या तयारीसाठी राखलेली मोकळी तासिकाही जाते. ही रीत थांबली तर पूर्वतयारीला लागणारा बराचसा वेळ आहे त्याच वेळापत्रकातून निघेल, असा माझा अनुभव आहे. वही पहिल्यांदा लिहायला मला कामाच्या दोन दिवसांइतका वेळ लागला, आणि ती अद्ययावत ठेवायला महिन्याला साधारण एक तास लागतो.

एस. आर. रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम १९३१ मध्ये ग्रंथरूपाने मांडले. पुस्तके वापरासाठी आहेत, हा त्यांचा पहिला नियम. तो उलगडताना ग्रंथालय किती वेळ उघडे असते हा साधा प्रश्नही त्यांनी महत्त्वाचा मानला. शालेय ग्रंथालयांसाठी आंतरराष्ट्रीय ग्रंथालय महासंघ आणि युनेस्को यांचा जाहीरनामा १९९९ साली आला, आणि ग्रंथालयाच्या सेवा शाळेतल्या सर्वांना समानतेने मिळाव्यात असे तो सांगतो. ज्या वर्गाची तासिका नेमकी ग्रंथपालाच्या रजेच्या दिवशी येते, त्या वर्गातली मुलेही या सर्वांमध्येच मोडतात.

म्हणून आपल्या विभागाने एक लेखी आदेश काढावा, अशी माझी विनंती आहे. प्रत्येक शालेय ग्रंथालयात बदली वही असावी, आणि ती वर्षातून दोनदा मुख्याध्यापकांनी तपासावी. वही लिहिण्यासाठी शालेय वर्षाच्या आरंभी दोन दिवस आणि पुढे दरमहा एक तासिका ग्रंथपालाला मिळावी, आणि त्या वेळात तिच्याकडे दुसरा वर्ग पाठवू नये. ज्या शिक्षकांची नावे बदलीच्या यादीत असतील त्यांनी वर्षारंभी एकदा अर्धा तास ग्रंथालयात येऊन स्वतःच्या हाताने पाच पुस्तके द्यावीत आणि पाच परत घ्यावीत. नुसते सांगितलेले विसरले जाते, हाताने केलेले लक्षात राहते. प्रत्येक वर्गातल्या दोन विद्यार्थ्यांनाही हे काम शिकवावे. माझ्या अनुभवात गोंधळलेल्या बदली शिक्षकाला सर्वांत चांगली मदत तेच करतात. दीर्घ रजेचा प्रश्न निराळा आहे. तिथे पुस्तक खरेदी, नियतकालिकांची वर्गणी आणि साठा पडताळणी अशी कामे येत असल्याने प्रशिक्षित ग्रंथपालाचीच तात्पुरती नेमणूक व्हायला हवी, वहीने ते भागणार नाही.

आदेशात आणखी एका गोष्टीचा उल्लेख व्हावा. बदली शिक्षकाने जाताना अर्धे पान लिहून ठेवावे, आणि त्यासाठी त्याला तासिकेनंतर दहा मिनिटे मोकळी मिळावीत. मागच्या खेपेला एका शिक्षकाने माझ्यासाठी लिहिले होते, ‘खिडकीजवळ बसणाऱ्या मुलाने आज पहिल्यांदा स्वतःहून पुस्तक मागितले. ग्रहांवरचे हवे होते. मी दिले आहे, नोंद तक्त्यात आहे.’ त्या मुलाच्या मागे मी वर्षभर होते, आणि तो दिवस मी नसताना आला. दार बंद असते तर तो आलाच नसता.

माझ्या बदली वहीची प्रत या पत्रासोबत आपल्या कार्यालयाकडे पाठवत आहे. मुलांची नावे त्यातून काढली आहेत. इतर शाळांना तिच्यात हवे ते बदल करून ती वापरता येईल.

आपली विश्वासू,
एक शालेय ग्रंथपाल