ताईंच्या गाठीबद्दल

प्रिय मित्रा,

तुझं पत्र वाचलं. ताईंच्या श्वासनलिकेत गाठ निघाली म्हटल्यावर तुझं काय झालं असेल, ते कळतंय. ‘म्हणजे कॅन्सरच ना?’ असं तू विचारलंयस. खरं सांगतो, मोठ्या माणसांत तिथल्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या निघतात. पण सगळ्या नव्हे. हॅमार्टोमा (तिथल्याच पेशींची वेडीवाकडी वाढ), चरबीचा लायपोमा, एचपीव्ही विषाणूच्या ६ आणि ११ या प्रकारांमुळे होणारा पॅपिलोमा, अशा साध्या गाठीही असतात. नुसतं बघून छातीठोकपणे कुणीच सांगू शकत नाही. गाठीचा तुकडा काढून तपासल्याचा रिपोर्ट येईपर्यंत घरात तो शब्द नको.

इतके दिवस दमा समजून पंप दिला, याचा तुला राग आलाय. रास्त आहे. दम्याची घरघर कमी-जास्त होते, औषधाने सुटते. ताईंचा श्वास आत घेताना गळ्यापाशी येणारा आवाज पंपाने तसूभरही हलला नाही, तिथेच शंका यायला हवी होती. एक्स-रे साफ होता म्हणतोस, पण अशी गाठ त्यात सहज लपते. फुंकरीच्या तपासणीचा आलेख जरूर मागून घे. गाठीने वाट कायमची अडवली असेल, तर त्याचं टोक कापल्यासारखं सपाट दिसतं. श्वासनलिका साधारण दोन सेंटिमीटर रुंद. ती आठ मिलिमीटरवर आली की चालताना धाप लागते, पाचवर आली की बसल्या जागी. तोवर फारसं काही जाणवत नाही, म्हणून निदान उशिरा होतं.

सीटी स्कॅनमध्ये गाठीत चरबी दिसली तर मोठाच दिलासा, कारण ती बहुधा लायपोमा किंवा हॅमार्टोमासारख्या साध्या गाठीत असते. ब्रॉन्कोस्कोपीत, म्हणजे श्वासनलिकेत दुर्बीण घालून, तुकडा घेताना मात्र रक्तस्रावाची तयारी हवी, कारण कार्सिनॉइडसारखी (हळू वाढणाऱ्या कर्करोगाचा एक प्रकार) गाठ भळाभळा वाहू शकते. गाठ साधी आणि देठाची असेल, तर भूल देऊन कडक दुर्बिणीतून विजेच्या तारेच्या फासाने देठापासून कापतात. त्या वेळी ऑक्सिजन ४० टक्क्यांच्या खाली ठेवतात, नाहीतर नळीतच भडका उडू शकतो. बूड रुंद असेल, गाठ भिंतीत रुतली असेल, तर तेवढा भाग काढून नळी जोडावी लागते. पॅपिलोमा पुन्हा पुन्हा येतो, त्यामुळे तो निघाला तर दुर्बिणीच्या फेऱ्या चुकवायच्या नाहीत.

सर्जनला एवढंच विचार: देठ आहे का, आणि गाठ भिंतीच्या बाहेर गेली आहे का? सीटीची सीडी मला पाठव. आणि ताईंना बसल्या जागी धाप लागली, तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता सरळ इमर्जन्सीत ने. मला रात्री कधीही फोन कर.

तुझाच,
डॉक्टर मित्र